१४ बाय १० चा हॉल, दिवसा बैठक, रात्री झोपायची खोली: सोफा कम बेड घ्यावा का?

नीलपर्णा
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय.

एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि १४ फूट बाय १० फूट हॉल एवढंच घर. आम्ही दोघं आणि ८ वर्षांची लेक बेडरूममध्ये कसेबसे मावतो. आता सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला येतायत. त्यांची झोपायची सोय हॉलमध्येच करावी लागणार. त्याच हॉलमध्ये नवऱ्याचं ऑफिसचं काम (आठवड्यातले तीन दिवस घरून), लेकीचा अभ्यास, टीव्ही आणि आला-गेला.

काल एक सोफा कम बेड बघितला. दुकानातल्या मुलाने एका हाताने ओढून दाखवला, वर म्हणाला, "मॅडम, लहान मूलसुद्धा उघडेल." नवरा मात्र भिंतीत उभ्या होणाऱ्या पलंगाच्या प्रेमात पडलाय. व्हिडिओ बघून बघून आता तो स्वतः कंपनीचा माणूस असल्यासारखा बोलतो. मला साधा दिवाण बरा वाटतो, पण मग हॉलचा हॉल राहणार नाही अशी धास्ती आहे.

ज्यांनी या वस्तू रोज वापरल्यात त्यांनी सांगा. दुकानात सगळंच सोपं दिसतं.

आळशी_कासव
सोफा कम बेड चार वर्षं वापरला. पहिला महिना सोफा कम बेड, दुसऱ्या महिन्यापासून सोफा कम, बेड जास्ती. रोज रात्री मधलं टेबल उचला, गालिचा गुंडाळा, सोफा ओढा, चादर घाला. सकाळी हेच उलट. तिसऱ्या महिन्यात मी म्हणालो, आज राहू दे. तो 'आज' पावणेचार वर्षं चालला.

बोकोबा
कासवा, मग नाव बदलून 'आडवं_कासव' कर.

जुनी_जाणती
नीलपर्णा, सोफा कम बेड घेताना कुणी विचारत नाही असा प्रश्न विचारते. पांघरूण, उशी, चादर दिवसा कुठे जाणार? सोफ्याच्या पोटात जागा नसेल तर ती वळकटी बेडरूममधल्या कपाटात जाते, आणि ते कपाट आधीच भरलेलं असतं. आमच्याकडे ती रोज लेकाच्या पलंगावर जायची. रात्री सोफा उघडायच्या आधी त्याला उठवायचं, उशा घ्यायच्या, तो चिडणार, मग मी चिडणार. घरातली निम्मी भांडणं त्या दोन उशांनी लावली.

टेपवाला
विकत घ्यायच्या आधी एक करा. जुनी वर्तमानपत्रं घ्या, चिकटपट्टीने जोडा आणि ज्या वस्तू घ्यायच्या आहेत त्यांच्या खऱ्या मापाचे तुकडे कापून जमिनीवर पसरा. मिटलेलं माप नको, उघडलेलं घ्या. मग दोन दिवस त्यावर पाय न देता घरात वावरून बघा.

सोफा कम बेड मिटलेला असतो ३४-३६ इंच खोल. पुढे ओढला की ७० ते ७५ इंच होतो. तुमची खोली १० फूट रुंद म्हणजे १२० इंच. त्यातून ७४ गेले, राहिले ४६. समोर १६ इंचाचं टीव्हीचं युनिट असेल तर उरले ३०. या ३० इंचात ऑफिसची खुर्ची असणार, आणि रात्री बाथरूमला जाणारं माणूसही याच वाटेने जाणार.

एका माणसाला सरळ चालायला २४ इंच लागतात, मोकळेपणाने ३० ते ३६. खणाचं आणखी वेगळं. २० इंचाचा ड्रॉवर पूर्ण उघडायला २० इंच, आणि त्याच्यासमोर वाकून उभं राहायला निदान तेवढेच. म्हणजे पलंगाखालच्या ड्रॉवरसमोर ४० इंच मोकळे नसतील तर तो ड्रॉवर फक्त दिसायला.

मोकळी_भिंत
मला मूळ प्रश्नच चुकलाय असं वाटतं. छोट्या घरात फर्निचर काय घ्यावं याआधी काय काढावं हे ठरवा. साठवण वाढली की सामान वाढतं. आम्ही पलंग काढून टाकले, टीव्ही भिंतीला लावला, मधलं टेबल देऊन टाकलं. रिकामी फरशी हेच सगळ्यात चांगलं फर्निचर.

जुनी_जाणती
मोकळी भिंत, गुडघे दुखायला लागले की फरशीवरून उठून दाखव, मग बोलू.

मोकळी_भिंत
ताई, मुद्दा सामानाचा होता, गुडघ्यांचा नव्हता.

जुनी_जाणती
अगं, पण धागा सासूबाईंच्या झोपण्याचा आहे. म्हणजे गुडघ्यांचाच.

रंधा_मारके
सुतारकामाचा धंदा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

भिंतीत उभा होणारा पलंग वाईट नाही. सोफ्यापेक्षा त्यात एक गोष्ट चांगली, गादीवरचं अंथरूण पट्ट्याने बांधून तसंच वर जातं. जुन्या जाणत्या ताईंच्या उशांचा प्रश्न सुटला. पण त्याचा जीव असतो त्या दोन पंपांत. वायूचे दट्टे म्हणा, आम्ही पंपच म्हणतो. त्यांच्यावर ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो वजन उचलण्याइतका जोर. मात्र पंप बिजागरीजवळ बसतो, त्यामुळे थेट वजाबाकी करून चालत नाही. तो हिशेब पलंग बनवणाऱ्याने पलंगाचं आणि गादीचं वजन धरून केलेला असतो.

इथेच गडबड होते. सहा इंच जाडीची सिंगल फोमची गादी ८-१० किलोची. त्याच मापाची काथ्याची गादी २० किलोच्या आसपास जाते. एका गिऱ्हाइकाने पलंग केला फोमच्या गादीसाठी, आणि पाठ दुखते म्हणून वर्षाने काथ्याची आणली. पलंग वर जाईना, आणि खाली येताना धाडकन यायचा. दोष पंपाला दिला. उलटंही होतं. गादी हलकी घातली तर पलंग खाली राहत नाही, माणूस उठलं की मागे निघतो.

दुसरी गोष्ट भिंत. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर ठीक. मधली पोकळ पार्टिशनची भिंत असेल तर तिला हा पलंग टांगायचा विचारही नको. मग चौकट जमिनीला बोल्ट करावी लागते.

आणि हे उघडणार-मिटणार कोण? वयस्कर बाईने रोज दोन वेळा डोक्यावरून पलंग खाली ओढायचा हे मला पटत नाही.

बोकोबा
व्हिडिओत नेहमी तरुण मुलगी एका बोटाने पलंग खाली घेते, आणि त्या खोलीत दुसरं काहीच नसतं. ना वायर, ना चपला, ना लेकीची वह्यांची चळत. त्या मुलीला सासूही नसते.

इतिहासकिडा
अवांतर आहे, पण राहवत नाही. इंग्रजीत या पलंगाला मर्फी बेड म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची पेटंटं घेतली. आख्यायिका अशी की तो एका खोलीत राहायचा आणि त्याचं एका गायिकेवर मन बसलं होतं. त्या काळात बाईमाणसाला पुरुषाच्या झोपायच्या खोलीत बोलावणं वावगं. मग त्याने पलंगच कपाटात घातला, की झाली खोली दिवाणखाना! पुढे हे नाव इतकं रुळलं की १९८९ मध्ये अमेरिकन न्यायालयाने ते सर्वसामान्य नाम ठरवलं, कंपनीची मालकी राहिली नाही.

म्हणजे गंमत बघा, हा पलंग जन्माला आला तो पाहुणी येणार म्हणून. रोज कुणी म्हातारं माणूस त्यावर झोपेल हा हिशेब त्या गोष्टीत नाही.

घडीघालू
इतिहासकिड्याचं अवांतर नेहमी विषयाला धरूनच असतं, हीच त्याची खोड.

मी मात्र घडीच्या वस्तूंच्या बाजूने. सगळ्यांनी घाबरवून टाकलंय बिचारीला. आमच्याकडे भिंतीला लावलेलं पाडटेबल आहे, सहा वर्षं झाली. जाडी मिटल्यावर ४ इंच, उघडल्यावर २० इंच. त्याखाली भिंतीतूनच एक त्रिकोणी टेकू वळून बाहेर येतो. रोज दोनदा उघड-मीट. एकदाही कंटाळा आला नाही, कारण एकच हालचाल आहे. वर काही उचलून ठेवावं लागत नाही.

माझा नियम असा. एका हालचालीत होतं ते रोज होतं. दोन लागल्या तर सणावारासारखं अधूनमधून. तीन लागल्या तर आळशी कासव होतं.

आळशी_कासव
हरकत नोंदवतो आणि मान्यही करतो.

स्पर्शिका
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून उंचीवर बोलते. नीलपर्णा, सासूबाईंचा पलंग गादीसकट १८ ते २० इंच उंच हवा. बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत. सोफा कम बेड बहुतेक १५-१६ इंचांवर असतात, आणि बसलं की आणखी दोन इंच आत जातं. तिथून उठायला मांड्यांवर फार जोर येतो. पुढच्या वेळी दुकानात विक्रेत्याने ओढून दाखवलं की त्याला सांगा, आता यावर पाच मिनिटं बस आणि हाताचा आधार न घेता ऊठ.

पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट ३६ इंच ठेवा. आज काठी नसेल, उद्या वॉकर येऊ शकतो. आणि त्या वाटेत चाकांचं काहीही नको. छोट्या घरात सगळ्याच वस्तूंना चाकं लावायची फॅशन आली आहे. रात्री अंधारात हात टेकला आणि ते सरकलं तर माणूस पडतं.

टेपवाला
स्पर्शिकाताईंच्या चाकांच्या मुद्द्याला +१. निदान दोन चाकांना तरी ब्रेक हवाच.

मोकळी_भिंत
उंच पायांचं फर्निचर घ्या. खालची फरशी दिसत राहिली की खोली मोठी वाटते. ६ इंच पाय असले की झाडू सहज फिरतो.

रंधा_मारके
खरं आहे, पण ही चैन सगळ्यांना परवडत नाही. पलंगाखालची जागा म्हणजे छोट्या घरातलं सगळ्यात मोठं कपाट. सिंगल पलंग ३ फूट बाय सव्वासहा फूट. त्याखाली १२ इंच उंची मिळाली तरी जवळपास १९ घनफूट होतात. ते नुसतं दिसण्यासाठी सोडायचं?

पण तिथे पेटी करायची की ड्रॉवर, यावर भांडण आहे. वरून उघडणाऱ्या पेटीत जास्त मावतं, पण ती उघडायला गादी उचलावी लागते. म्हणून तिच्यात जातं ते पुन्हा बाहेर येत नाही. पेटी केलीत तर तळाला आणि बाजूंना भोकं पाडून घ्या. नाहीतर दमट हवेत गादीच्या खालून बुरशी धरते.

जुनी_जाणती
आमच्या पेटीत आठ वर्षांनी हात घातला तर तीन हॅरी बांधलेले जुने पडदे, एक बंद पडलेला रेडिओ आणि ज्यासाठी सगळं घर शोधलं होतं ते घराच्या कराराचं पाकीट. नवऱ्याने तेव्हा मलाच बोल लावले होते.

बोकोबा
ताई, 'तीन हॅरी' म्हणजे काय?

जुनी_जाणती
'तीन दोरीने बांधलेले जुने पडदे' लिहायचं होतं. चष्मा शोधतेय. तोही पेटीत असेल.

नीलपर्णा
लोळून हसतेय. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वर्तमानपत्रं आज रात्री कापणार. रंधा_मारके, लाकूड कुठलं घ्यावं? दुकानातलं तयार फर्निचर म्हणे 'इंजिनिअर्ड वूड' असतं.

रंधा_मारके
हे गोंडस नाव आहे. त्याच्याखाली काहीही असू शकतं, प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) किंवा पार्टिकल बोर्ड. सरळ विचारा यातलं नेमकं कुठलं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबलेला. तो वाईटच असतो असं नाही, उभ्या कपाटाच्या बाजूंना चालतो. पण त्यात स्क्रू एकदाच नीट बसतो. घर बदललं, फर्निचर सोडलं, पुन्हा जोडलं की स्क्रू फिरत राहतो. आणि कडेची पट्टी निघून पाणी शिरलं की ते फुगतं, ते परत बसत नाही. रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीला टेकणारा भाग तरी त्याचा नसावा.

पलंगाला प्लाय घ्या. १८ मिलिमीटरची ८ बाय ४ फुटांची एक शीट साधारण ३०-३५ किलोची भरते, एमडीएफची ४० च्या घरात. म्हणून घडीच्या वस्तूचा हलणारा भाग एमडीएफचा नको, रोज तुम्हीच ते उचलणार आहात.

आळशी_कासव
कपाटाची गोष्ट सांगतो, धाग्याला उपयोगी आहे. आमची वरच्या मजल्यावरची खोली, छत ठेंगणं, ७ फूट २ इंच. मी टेपने मोजलं, ८६ इंच. कपाट मागवलं ८४ इंच उंच. दोन इंच हाताशी, अगदी खूश. जोडायला आलेल्या मुलांनी ते जमिनीवर आडवं ठेवून व्यवस्थित जोडलं. मग उभं करायला घेतलं, आणि ते अर्ध्यावर छताला अडकलं. वर जाईना, खाली येईना. दोघं मुलगे खाली, कपाट तिरकं आणि मी टेप घेऊन उभा.

टेपवाला
अहाहा, कर्ण! कपाटाची खोली २४ इंच धरली तर ८४ चा वर्ग अधिक २४ चा वर्ग, ७०५६ अधिक ५७६, म्हणजे ७६३२. वर्गमूळ ८७ इंचांच्या थोडं वर. तुम्हाला सव्वा-दीड इंच कमी पडलं.

आळशी_कासव
हो. शाळेत विचारायचो, पायथागोरसचा आयुष्यात काय उपयोग. शेवटी कपाट सगळं सोडलं आणि उभ्या उभ्या पुन्हा जोडलं. आता ते या घरातच मरणार.

इतिहासकिडा
म्हणूनच मला मिखाएल थोनेटची १८५९ ची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आवडते. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे केले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. जिन्याच्या वळणावर कुणी अडकलं नसेल.

घडीघालू
जिना आणि लिफ्ट दोन्ही मोजा, नीलपर्णा. दाराची चौकट नाही, दार उघडल्यावर उरणारी जागा मोजा. दार पूर्ण उघडलं तरी त्याची जाडी दीड इंच खातंच.

स्पर्शिका
लेक ८ वर्षांची आहे म्हणून एक काळजीचं सांगते. उंच आणि अरुंद कपाटं, ड्रॉवरचे खण, सगळं वरून एल आकाराच्या पट्टीने भिंतीला बांधा. मुलं खण उघडून त्यांची पायरी करतात. सगळे ड्रॉवर एकदम बाहेर आले की वजन पुढे येतं आणि कपाट पडतं. छोट्या घरात आपण उंचीकडेच वाढतो, तेव्हा हे जास्त लागू.

मोकळी_भिंत
कुणी मूळ प्रश्नाकडे परत जाईल का? सोफा कम बेड, भिंतीचा पलंग की दिवाण? मला वाटतं एक माणूस राहिलंय विचारायचं.

बोकोबा
नवरा?

मोकळी_भिंत
सासूबाई.

नीलपर्णा
(तीन दिवसांनी) मोकळी भिंत, तुमच्या त्या एका ओळीने आमची झोप उडवली. खरंच, आम्ही सगळे मापं घेत होतो आणि ज्यांना त्यावर झोपायचं त्यांना विचारलंच नव्हतं.

आधी वर्तमानपत्रांचं सांगते. सोफ्याचा उघडलेला तुकडा पसरला आणि लेक म्हणाली, "आई, आजी दार उघडायला कशी जाणार?" सोफा उघडा असताना मुख्य दारापर्यंत पोहोचायला नवऱ्याची खुर्ची टेबलात पूर्ण आत सरकवावी लागत होती. भिंतीतल्या पलंगाचा तुकडा छान बसला, पण तो ज्या भिंतीला लावायचा तिच्यावर ठोकून बघितलं तर ढब ढब आवाज. पोकळ! नवरा अर्धा तास त्या भिंतीवर वेगवेगळ्या ठिकाणी ठोकत होता, कुठेतरी भरीव लागेल या आशेने.

मग फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा टीव्ही बंद झाला, पाहुणे गेले, की मग माझा पलंग तयार व्हायचा? आणि दुपारी पाठ टेकावीशी वाटली तर?" मी गप्प. पुढे म्हणाल्या, "मला हॉल दिसायला कसा आहे त्याचं काही नाही गं. एक जागा माझी असू दे. आणि उशाशी छोटी फळी कर, चष्मा आणि पाण्याचा तांब्या ठेवायला."

तर ठरलं. १० फुटांच्या भिंतीला साधा सिंगल पलंग, सव्वासहा फुटांचा, गादीसकट १९ इंच उंच. भिंतीच्या बाजूने तीन लोड, म्हणजे दिवसा आम्हीही बसू. खाली दोन ड्रॉवर, समोर ४० इंच मोकळे आहेत, मोजलेत. पलंग आणि टीव्हीच्या मधे छताला रूळ लावून पडदा. बसायला दोन हलक्या खुर्च्या. घडीघालूंचं पाडटेबल दुसऱ्या, भरीव भिंतीवर, ३० इंचांवर. राखाडी सोफा दुकानातच राहिला.

आळशी_कासव
राखाडी सोफ्याच्या वतीने निषेध.

जुनी_जाणती
छान ठरवलंस. पडद्याचं कापड जाड घे, टीव्हीचा उजेड डोळ्यावर येतो.

इतिहासकिडा
पाडटेबलावरून आठवलं. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. त्यात इस्त्रीची फळी भिंतीतून खाली यायची. पावलं मोजून मोजून सगळं हाताशी आणलं होतं. पुढे टीका झाली ती ही की त्यात एकाच वेळी एकच माणूस काम करू शकतं. हे आत्ताच का सांगतोय, तर पाडटेबल उघडं असताना खुर्चीमागून दुसरं माणूस जाईल ना, एवढं बघून घ्या.

नीलपर्णा
जातं. लेकीला दप्तरासकट चालवून बघितलं.

नीलपर्णा
(दीड महिन्याने) अपडेट. सासूबाई येऊन तीन आठवडे झाले. पलंग झकास. दोनपैकी एका ड्रॉवरला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलंय, त्यात काय आहे ते लेकीलाच माहीत. पाडटेबल पहिल्या दिवसापासून उघडंच आहे, घडीघालू, माफ करा. नवरा म्हणतो रोज संध्याकाळी लॅपटॉप कुठे ठेवू.

घडीघालू
वर काही ठेवलं की ती दुसरी हालचाल झाली. भिंतीवर वर एक कप्पा करा लॅपटॉपपुरता, मग मिटेल.

रंधा_मारके
उशाजवळच्या फळीला कडेने अर्धा इंचाची पट्टी मारली का? रात्री चाचपडताना चष्मा खाली जातो.

नीलपर्णा
काल मारली. परवा गेला होता.